कागद नसताना ‘कागद अडकला’ म्हणणारा प्रिंटर

नवतप्याचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे दिवस होते. नागपूरच्या प्रतापनगरात आमच्या घरच्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस आहे: एक टेबल, फायलींचं कपाट आणि टाकीत शाई भरायचा एक प्रिंटर. लोकांचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रं, आयकराची कामं मी इथूनच करते. दुपारचे चार वाजले असतील. एक गृहस्थ ताळेबंदाची प्रत न्यायला येऊन बसले होते आणि प्रिंटरच्या छोट्या स्क्रीनवर अक्षरं उमटली, ‘कागद अडकला आहे, काढा.’ मी झाकण उघडलं, मागची फळी काढली, टॉर्च लावून पाहिलं. आत कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मेकॅनिक आला, तेव्हा प्रिंटरने मुकाट्याने दहा पानं छापून दिली. तो गेला आणि दुपारी पुन्हा तेच. असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, “ताई, याचा सेन्सर गेला. सुटा भेटत नाही, पूर्ण बोर्डच बदलावा लागते. त्यापेक्षा नवाच घेऊन टाका जी.”

मी नवा घेणारच होते. समोरच्या घरातले काका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे निदेशक होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बेटा, मेसेज येते कधी? सुरू केल्याबरोबर, का कागद ओढल्यावर? अन् सकाळी काहून येत नाही?” या प्रश्नांची उत्तरं शोधताना मला प्रिंटर पहिल्यांदा आतून कळला. घरून काम करणाऱ्या कितीतरी जणांचे चांगले प्रिंटर असल्याच एका संदेशापायी भंगारात जातात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी प्रिंटरला कागद ‘दिसतो’ म्हणजे काय होतं ते पाहू. कागदाच्या वाटेजवळ नखाएवढा एक काळा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा. हाच तो सेन्सर. त्याच्या एका भिंतीत बारीक एलईडी असतो, समोरच्या भिंतीत तो प्रकाश टिपणारा ट्रान्झिस्टर. हा प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तोच. दोन भिंतींमधली फट काही मिलिमीटरचीच. या फटीत एका प्लॅस्टिकच्या दांडीचं टोक बसलेलं असतं. मेकॅनिक तिला लिव्हर म्हणतात. दांडीचं दुसरं टोक कागदाच्या वाटेत आडवं येतं. कागद आला की तो दांडीला ढकलतो, फटीतलं टोक बाजूला होतं आणि अडलेला प्रकाश पलीकडे पोचतो. कागद निघून गेला की केसासारखी बारीक स्प्रिंग दांडीला परत जागेवर आणते आणि प्रकाश पुन्हा अडतो. काही प्रिंटरांत हे उलटं असतं, कागद आल्यावर प्रकाश अडतो.

म्हणजे सेन्सरने कागद कधीच पाहिलेला नसतो. तो फक्त एवढंच सांगतो की माझ्यापर्यंत प्रकाश पोचतोय किंवा पोचत नाही. त्यावरून ‘कागद आहे’, ‘कागद नाही’, ‘कागद अडकला’ हे अर्थ बोर्ड, म्हणजे प्रिंटरचं मुख्य सर्किट, काढतो. दांडी मोडली, स्प्रिंग निसटली, फटीत धूळ साचली, किंवा भलताच उजेड आत शिरला, तरी बोर्ड अर्थ तोच काढणार. स्क्रीनवरचा संदेश हा निदान नसतो, ती एका साक्षीदाराची साक्ष असते. आणि साक्षीदाराला नेमकं काय दिसलं हे तपासल्याशिवाय निकाल देऊ नये.

काकांचा पहिला प्रश्न इथेच कामाला येतो. बोर्ड दोन वेगळ्या कारणांनी ‘कागद अडकला’ म्हणतो. प्रिंटर चालू करताच, कागद ओढण्याआधीच संदेश आला, तर सेन्सर या क्षणी ‘इथे कागद आहे’ असं सांगतोय. मग खरंच एखादा कपटा आत असतो, नाहीतर दांडी, धूळ किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं. पण कागद ओढायचा आवाज झाला आणि त्यानंतर संदेश आला, तर गोष्ट वेळेची आहे. रबरी रोलर फिरू लागला की किती वेळात कागद सेन्सरपाशी पोचायला हवा आणि किती वेळात तिथून निघून जायला हवा, याचं गणित बोर्डात पक्कं भरलेलं असतं. कागद उशिरा पोचला तरी तक्रार, वेळेवर सुटला नाही तरी तक्रार. अशा वेळी सेन्सर बहुधा निर्दोष असतो. कागद ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत झालेला असतो, घसरतो, आणि कागदाला उशीर होतो. न पिंजणारं कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं आणि रोलर हाताने फिरवत पुसायचा. कापडावर कागदाच्या धुळीचा राखाडी थर येतो आणि रबर पुन्हा पकड घेऊ लागतं. सेन्सर गेला म्हणून आलेल्या प्रिंटरांपैकी बरेच एवढ्यावरच चालू होतात, असं काका सांगतात.

आता सेन्सरकडे वळू. वॉरंटी असेल तर एकही स्क्रू उघडू नका, कंपनीच्या केंद्रावर न्या. नसेल तर आधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. स्क्रू ठेवायला मी इडलीपात्राची ताटली घेते: पहिल्या खळग्यात पहिले स्क्रू, दुसऱ्यात त्यानंतरचे. प्रिंटरमध्ये दिसायला सारखे पण लांबीला वेगळे स्क्रू असतात, आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी घट्ट केला तर तो थेट प्लॅस्टिक फोडतो.

दांडी शोधायला टॉर्च लागते. ती काळी असते, भोवतालचं सगळं काळंच असतं, म्हणून पटकन दिसत नाही. सापडली की पेन्सिलच्या टोकाने हलकेच ढकला आणि सोडा. तिने स्वतःहून, झटकन जागेवर यायला हवं. ती रेंगाळत आली किंवा मध्येच थांबली, तर बिघाड सापडलाच म्हणायचा. बहुतेक वेळा स्प्रिंगचं टोक खाचेतून निसटलेलं असतं. अडकलेला कागद उलट्या बाजूने जोरात ओढला की हमखास असं होतं. चिमट्याने ते टोक परत खाचेत बसवता येतं. घाई केली तर स्प्रिंग उडून सोफ्याखाली जाते, म्हणून खाली पांढरा टॉवेल अंथरून बसावं. दांडीचं टोकच मोडलं असेल तर चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. फेव्हिक्विकचा एक थेंब बिजागरीत उतरला की होती ती दांडीही कायमची गोठते. त्याच मॉडेलच्या भंगार प्रिंटरमधून दांडी मिळते, आणि ती कुणी फार महाग देत नाही.

दांडी ठीक असेल तर फट साफ करा. फोटोच्या कॅमेऱ्यासाठी मिळतो तसा रबरी फुंकणीचा फुगा उत्तम. तोंडाने फुंकू नका, वाफेने धूळ उलट चिकटते. मऊ कोरडा ब्रश फटीतून एकदा फिरवला तरी चालतो.

यानंतरही तक्रार राहिली, तरच सेन्सरवर संशय घ्यायचा. पहिली चाचणी फुकट आहे. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने टीव्हीच्या रिमोटचं टोक पाहा आणि बटण दाबा. जांभळट ठिपका दिसला तर तुमचा कॅमेरा अवरक्त प्रकाश टिपतो. मागच्या कॅमेऱ्याला अनेकदा तो प्रकाश अडवणारी काच असते, म्हणून पुढचाच वापरायचा. आता झाकण उघडं ठेवून, प्रिंटर चालू असताना, त्या फटीत तिरकं पाहा. ठिपका दिसला तर एलईडी जिवंत आहे. एक खबरदारी: ही चाचणी शाईच्या प्रिंटरचीच आहे. लेझर प्रिंटर उघडा ठेवून चालू करू नका, आणि शाईच्या प्रिंटरमध्येही शाई फवारणाऱ्या धावत्या हेडच्या वाटेत बोटं घालू नका.

दुसऱ्या चाचणीला मल्टिमीटर लागतो. काळी सळई ग्राउंडवर, लाल सळई सेन्सरच्या सिग्नलच्या पायावर ठेवायची आणि दांडी हलवायची. आकडा शून्याच्या जवळून ३.३ किंवा ५ व्होल्टपर्यंत उडी घेत असेल, परत येत असेल, तर सेन्सर उत्तम आहे. बिघाड वायरीत किंवा बोर्डात पुढे आहे. आकडा जागचा हललाच नाही तर सेन्सर गेला. मला ही चाचणी एकटीने जमली नव्हती. काकांनी सळया धरल्या, मी पेन्सिलीने दांडी हलवत होते, आणि मीटरचा आकडा टुणकन वर गेला. बोर्ड बदलायला सांगितलेल्या प्रिंटरचा सेन्सर पूर्ण धडधाकट होता.

ज्यांचा सेन्सर खरंच गेलेला असतो, त्यांनीही ‘सुटा मिळत नाही’ हे लगेच मान्य करू नये. यू आकाराचे हे सेन्सर साधे भाग आहेत आणि ते शेकडो यंत्रांत वापरतात. जुना सेन्सर काढून सोबत न्यायचा. फटीची रुंदी, पायांची संख्या आणि त्यांची मांडणी जुळायला हवी. आमच्याकडे सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे ठेवून जुळवून पाहता येतं. सोल्डरिंगचा सराव नसेल तर ते काम मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या. त्याचा हात याहून कितीतरी बारीक कामाला बसलेला असतो.

माझ्या प्रिंटरचं कोडं मात्र अजून सुटलं नव्हतं. ते काकांनी सोडवलं, दुपारी चारला स्वतः येऊन. माझं टेबल पश्चिमेच्या खिडकीला लागून होतं, आणि त्या आठवड्यात मी पडदे धुवायला काढले होते. उतरतं ऊन काचेतून थेट प्रिंटरच्या पाठीवर पडत होतं, आणि कागद उभा ठेवायची फट तिकडेच आहे. उन्हात डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर अवरक्त प्रकाशही भरपूर असतो. तो फटीतून आत उतरायचा आणि सेन्सरच्या ट्रान्झिस्टरवर पडायचा. दांडीने एलईडीचा प्रकाश अडवलेला असूनही सेन्सरला प्रकाश दिसत राहायचा, आणि बोर्ड म्हणायचा, कागद आहे. सकाळी ऊन दुसऱ्या अंगाला, म्हणून मेकॅनिकसमोर सगळं सुरळीत. काकांनी फाइलचा एक जाड पुठ्ठा मागच्या फटीवर आडवा धरला आणि मला बटण दाबायला सांगितलं. पान बाहेर आलं. पुठ्ठा काढला, संदेश आला. पुन्हा धरला, पुन्हा पान. मी ते चार-पाच वेळा करून पाहिलं, विश्वासच बसेना.

त्याच संध्याकाळी मी टेबल सरकवलं, आणि ते नेमकं कूलरच्या झोतासमोर आलं. दोन दिवसांत नवी तक्रार: एकावेळी तीन-तीन कागद ओढले जायचे, कधी तिरके जाऊन खरोखर अडकायचे. ही आपल्या विदर्भातली खास अडचण आहे. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून येणारी हवा थंड असते तशीच दमट असते. कागद ती ओल पितो, कडांना वळतो आणि एकमेकांना चिकटून बसतो. उन्हाळ्यात रिम वेष्टनातच ठेवावी, ट्रेमध्ये एका दिवसाला लागतील तेवढेच पंधरा-वीस कागद घालावेत आणि प्रिंटर झोताच्या बाहेर ठेवावा. हे केल्यापासून माझ्याकडे कागद अडकणं जवळजवळ थांबलं आहे.

शाईच्या प्रिंटरमध्ये आणखी एक सेन्सर असतो, तो लोकांना ठाऊकच नसतो. हेड ज्या वाटेवर धावतं तिच्या मागे एक पारदर्शक प्लॅस्टिकची अरुंद पट्टी ताणून बसवलेली असते. उजेडात ती करडी दिसते, कारण तिच्यावर इंचाला दीडशे-दोनशे अशा बारीक उभ्या रेषा छापलेल्या असतात. हेडच्या पाठीवरचा सेन्सर त्या रेषा मोजत जातो आणि त्यावरून आपण पानाच्या कुठे आहोत हे बोर्डाला कळतं. पट्टीवर शाईचा फवारा किंवा हेड ज्या दांड्यावर सरकतं त्याचं ग्रीस लागलं की मोजणी चुकते. मग हेड भिंतीवर धाडकन आपटतं, मध्येच थांबतं, अक्षरं दुहेरी येतात, आणि संदेश येतो की हेड अडकलं आहे. लोक हेड बदलतात. करायचं असतं ते इतकंच: प्लग काढायचा, चष्म्याचं कापड साध्या पाण्याने किंचित ओलं करायचं, पट्टी दोन बोटांत हलकी धरून एका टोकाकडून दुसऱ्याकडे पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची. थिनर, स्पिरिट लावू नका, काही पट्ट्यांवरच्या रेषाच पुसल्या जातात. पट्टी आकड्यातून सुटली तर तिच्या बाजू लक्षात ठेवून तशीच परत लावा, उलटी लावली तर चालत नाही.

‘झाकण उघडं आहे’ या संदेशामागे बहुतेकदा झाकणाच्या कडेला असलेलं बोटाच्या पेराएवढं प्लॅस्टिकचं टोक असतं. ते मोडलं की खालचं बटण दाबलं जात नाही. ‘वाया गेलेल्या शाईचा पॅड भरला’ हा संदेश तर अनेक प्रिंटरांत सेन्सरचा नसतोच, बोर्ड नुसती मोजदाद करून तो देतो. तिथे सॉफ्टवेअरने मोजणी शून्यावर आणून देणारे भेटतात, पण आतला स्पंज खरोखर भिजलेला असतो. तो बदलला नाही तर शाई टेबलावर येते.

एका ठिकाणी मात्र मी हात जोडून थांबायला सांगेन. लेझर प्रिंटरमध्ये पावडर कागदावर वितळवणारा भाग दोनशे अंशांच्या आसपास तापतो. त्याच्यावर नजर ठेवायला थर्मिस्टर नावाचा तापमानाचा सेन्सर असतो. ताप वाढला की त्याचा विद्युत रोध कमी होतो, आणि त्यावरून बोर्ड हीटर बंद-चालू करतो. हा सेन्सर बिघडला की प्रिंटर मुद्दाम बंद पडतो, कारण तापमान कळत नसताना हीटर चालवला तर आग लागू शकते. त्याला बगल देऊन प्रिंटर चालू करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. लेझरच्या आत उच्च दाबाची वीजही असते. हे काम वर्कशॉपचंच.

स्क्रीनचं दुखणं वेगळं असतं. स्क्रीन गेली म्हणजे प्रिंटर गेला असं नसतं, आणि अनेकदा स्क्रीनही गेलेली नसते. पूर्ण काळी दिसत असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च तिरकी धरा. आत पुसट अक्षरं दिसली तर चित्र उमटतंय, फक्त मागचा दिवा बंद आहे. पूर्ण पांढरी असेल तर दिवा चालू आहे पण चित्राचा निरोप पोचत नाही, म्हणजे केबल किंवा बोर्ड. चित्र छान दिसतंय पण बोटाला दाद देत नाही, तर टचचा थर वेगळा असतो, तो बिघडला. आणि ऐन उन्हाळ्यात स्क्रीन काळवंडली तर आधी थंड होऊ द्या. एलसीडीतले द्रव स्फटिक फार तापले की आपली रचना सोडतात आणि चित्र नाहीसं होतं. थंडावल्यावर बहुधा परत येतं. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलेलं हे शहर आहे, बंद खोलीत उन्हात ठेवलेल्या प्रिंटरचं काय होत असेल ते सांगायला नको.

जुन्या लेझर प्रिंटरांवर दोन ओळींची करडी स्क्रीन असते. तिच्या काचेला बोर्डाशी जोडणारी वायर नसते. मध्ये एक मऊ रबराची पट्टी दाबून बसवलेली असते. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे थर एकाआड एक असतात, म्हणून तिला झेब्रा पट्टी म्हणतात. तिचा दाब सैल झाला की अक्षरांच्या आडव्या किंवा उभ्या रेघा गायब होतात. चौकटीवर अंगठ्याने हलका दाब द्या. रेघा परत आल्या तर स्क्रीन चांगली आहे. प्लग काढून पॅनेल उघडायचं, पट्टी आणि तिच्या खालचे सोनेरी ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, वाळवायचे आणि स्क्रू चारही बाजूंनी सारखे घट्ट करायचे.

रंगीत स्क्रीनमध्ये रिबनसारखी चपटी केबल असते. ज्या प्रिंटरांचं पॅनेल वरखाली वाकवता येतं, तिथे प्रत्येक वेळी ही केबल वाकते आणि कालांतराने ढिली होते किंवा आतून तडकते. पॅनेल हळूहळू वाकवत जा. एखाद्या कोनात चित्र लुकलुकलं तर दोष केबलचाच. ती ज्या खोबणीत बसते तिला एक इवलासा खटका असतो, काही उचलायचे, काही पुढे सरकवायचे. नखाने उघडायचा, केबल सरळ बाहेर घ्यायची, टोक पुसायचं, सरळ आत बसवायची, खटका लावायचा. ओढाताण केली की खटका तुटतो, आणि मग बोर्डच बदलायची वेळ खरोखर येते. केबल तडकलेली असेल तर तिच्यावर छापलेला क्रमांक घेऊन नवी शोधावी लागते.

स्क्रीन दुरुस्त होईपर्यंत काम थांबवायची गरज नाही. यूएसबीने जोडलेला प्रिंटर स्क्रीनशिवायही छापतो. वायफायवर असेल तर राउटरच्या यादीत त्याचा आयपी पत्ता पाहा आणि तो संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक नेटवर्क प्रिंटर तिथे आपलं एक पान उघडतात. शाई किती आहे, कोणता दोष नोंदला आहे, कागदाचा आकार काय धरला आहे, हे सगळं त्यावर दिसतं आणि बरंचसं बदलताही येतं. आमच्याच गल्लीत शिकवणी घेणाऱ्या एका मुलीच्या प्रिंटरची स्क्रीन पांढरीफटक झाली होती. तिने महिनाभर सगळ्या प्रश्नपत्रिका याच पद्धतीने काढल्या, तेवढ्यात केबल मिळाली, आणि ती काकांनी आमच्या ओट्यावर बसून बसवली.